लाक की पार्ल की लोअर सू एजन्सी?
अमेरिकेतल्या मिनेसोटा नदीच्या खोऱ्यात एकच ठिकाण पाहायला वेळ असेल, तर मी लोअर सू एजन्सीच सुचवेन, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांसाठीचं अमेरिकन सरकारचं जुनं ठाणं. याच खोऱ्यातल्या लाक की पार्लला १८३५ साली ख्रिस्ती मिशनरी आले. व्यापारी जोसेफ रेनव्हिल, ज्याची आई डकोटा होती, फ्रेंच बायबल तोंडी डकोटात सांगायचा आणि मिशनरी ते उतरवून घ्यायचे. भाषेवर जीव असणाऱ्यांनी तिथे जावंच. पण एजन्सीतलं १८६१ चं दगडी कोठार पाहताना पोटात कालवतं. १८५१ च्या सरकारशी झालेल्या करारांनी डकोटांची जमीन गेलेली. १८६२ च्या उन्हाळ्यात जमिनीच्या बदल्यात करारात ठरलेले पैसे रखडले, घरात दाणा नाही, व्यापारी उधार देईनात. १८ ऑगस्टला इथेच डकोटा आणि अमेरिकन यांच्यात युद्ध पेटलं. डिसेंबरात याच खोऱ्यातल्या मँकेटो गावात ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिली. २०२१ मध्ये एजन्सीच्या जागेचा मोठा भाग डकोटांकडे परत आला.