वलय बांधायचंय: डील्स-आल्डर की रॉबिन्सन?

सांगलीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवताना दरवर्षी कुणीतरी विचारतं, सहा कार्बनांचं वलय (सहा अणूंची बंद साखळी) बांधायला डील्स-आल्डर अभिक्रिया घेऊ की रॉबिन्सन ॲन्युलेशन? मी आधी विचारतो, हातात दिवस किती आहेत?

दोन-तीन महिनेच असतील तर डील्स-आल्डर. 1928 ची ही अभिक्रिया. तिच्यासाठी ऑटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांना 1950 चं नोबेल मिळालं. शेजारी दोन दुहेरी बंध असलेला एक रेणू आणि एक दुहेरी बंध असलेला दुसरा, यांच्यात दोन कार्बन-कार्बन बंध एकाच पायरीत जुळतात आणि एकही अणू वाया जात नाही. अँथ्रासीन आणि मॅलेइक अनहायड्राइड झायलीनमध्ये अर्धा तास रिफ्लक्स केलं (वाफ थंड होऊन परत भांड्यात येईल असं उकळलं) की गार होताना स्फटिक पडतात. गाळले, धुतले, वितळणबिंदू घेतला. मॅलेइकची सिस रचनाही (दोन्ही गट एकाच बाजूला) उत्पादनात तशीच उतरते, त्यामुळे एनएमआरवर (रेणूची रचना ओळखायच्या मोजणीवर) लिहायला भरपूर मिळतं.

पण आपल्या भागातल्या मुलांनी फ्युरानची जोडी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. कारखान्यावर चिपाडाचे ढीग आपण लहानपणापासून बघतो. त्याच चिपाडापासून फरफ्युरल मिळतं आणि फरफ्युरलपासून फ्युरान. ते मॅलेइक अनहायड्राइडशी साध्या तापमानालाच जुळतं आणि तापवलं की पुन्हा सुटतं. या सुटण्या-जुळण्यावरच चीर पडली तर उष्णतेनं सांधले जाणारे पॉलिमर बेतले आहेत. मात्र फ्युरान 31 अंशांनाच उकळतं, आणि फ्युरानमुळे कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. म्हणून काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), बर्फ जवळ ठेवून, आणि शक्यतो जानेवारीत. एप्रिलमध्ये सांगलीची खोलीच त्याला उकळायला पुरते.

रॉबिन्सनची वाट लांबची. आधी मायकेल, मग आल्डोल या कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या दोन अभिक्रिया, शेवटी पाणी निघतं. लागणारा मिथाइल व्हिनाइल कीटोन विषारी, डोळ्यांना झोंबणारा, ठेवला तर स्वतःच पॉलिमर होणारा. बऱ्याचदा उत्पादन शुद्ध करायला कॉलमही (भरलेल्या नळीतून मिश्रण वेगळं करणं) करावा लागतो. पण हाती येतो तो कीटोनला लागून दुहेरी बंध असलेला सांगाडा. टेस्टोस्टेरॉन आणि प्रोजेस्टेरॉन या स्टेरॉइड संप्रेरकांच्या पहिल्या वलयात नेमका हाच आहे. शिवाय 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, याच कुळातल्या कीटोनांच्या वलयबांधणीत, प्रोलिन हे साधं अमिनो आम्ल उजवं-डावं (आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एक) निवडू शकतं हे दिसलं. 2021 च्या नोबेलमागच्या विषयाची, म्हणजे लहान सेंद्रिय रेणू उत्प्रेरक म्हणून वापरण्याची, मुळं तिथपर्यंत जातात.

स्टेरॉइडचंच वेड असेल तर रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्डचं 1951 चं स्टेरॉइड-संश्लेषण आधी वाचा. त्यात सुरुवातीचं वलय क्विनोन आणि ब्युटाडाइनच्या डील्स-आल्डरनं येतं, पुढचं मायकेल-आल्डोलनं.