हँग होणारा कॉम्प्युटर, बंद पडणारा कॉम्प्युटर : दुरुस्ती, सुटा भाग की नवे यंत्र?

घरचा डेस्कटॉप कॉम्प्युटर काम चालू असताना वारंवार हँग होऊ लागला किंवा आपोआप बंद पडू लागला, की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात साधारणपणे तीन सल्ले मिळतात : फॉरमॅट मारून घ्या, एसएमपीएस (कॅबिनेटमधला, यंत्राला वीज पुरवणारा डबा) बदला, किंवा आता नवाच घ्या. तिन्ही सल्ले कुठे ना कुठे बरोबर असतात. मात्र आपल्या यंत्राला त्यांपैकी कोणता लागू आहे, हे ठरवण्याआधी यंत्र नेमके हँग होते की बंद पडते, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. पडद्यावरचे चित्र तसेच राहून यंत्र प्रतिसाद देईनासे झाले, तर संशय प्रथम डिस्क, रॅम आणि सॉफ्टवेअरवर घ्यावा. पंख्यासकट सगळे क्षणात बंद झाले, तर वीजपुरवठा, एसएमपीएस आणि उष्णता यांकडे पाहावे. उष्णता दोन्ही लक्षणे दाखवू शकते आणि खराब रॅममुळे यंत्र कधी रीस्टार्टही होते, हे अपवाद लक्षात ठेवूनही ही पहिली विभागणी बरेच पैसे वाचवते.

या विभागणीची खात्री करून घेण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना खर्च नाही. पहिला मार्ग म्हणजे यंत्र सुरू करून विंडोज चालू होऊ न देता बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या, पडद्यावर तासभर तसेच ठेवणे. तिथेही ते बंद पडले, तर विंडोजचा त्यात काही दोष नाही आणि फॉरमॅटवर खर्च करण्यात अर्थ नाही. मात्र बायोसमध्ये यंत्रावर फारसा भार नसतो, त्यामुळे तिथे ते टिकले म्हणजे एसएमपीएस निर्दोष ठरला असे नाही. दुसरा मार्ग म्हणजे लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून, हार्ड डिस्कची केबल काढून ठेवून, नेहमीसारखा वापर करणे. डिस्क सुटी असताना हँग होणे थांबले, तर दोष डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा तिच्यावरच्या विंडोजमध्ये आहे. तरीही हँग होत राहिले, तर रॅम आणि मदरबोर्डकडे वळावे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडली, की अनेकांना एसएमपीएस खराब असल्याचा पुरावा मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढेच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही.

बंद पडणाऱ्या यंत्राच्या बाबतीत खरी निवड असते ती एसएमपीएस, यूपीएस आणि घराचे वायरिंग या तिघांमध्ये, आणि चूकही इथेच सर्वांत जास्त होते. दुकानात यंत्र दिवसभर व्यवस्थित चालते आणि घरी आणताच बंद पडते, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे. तिचा सरळ अर्थ असा, की दोष बहुधा यंत्राबाहेर आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले आहे असे समजावे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसले की पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळपास निम्मे, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेरचे व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने सहसा इजा होत नाही, तथापि खरोखर गळती झाली तर ती जमिनीत जायला वाट उरत नाही. मार्च ते मे या काळात जमीन सुकते आणि जुन्या घरांतील अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात. तेव्हा वायरमनला बोलावून आधी खड्डा आणि सॉकेटची तिसरी तार तपासून घ्यावी. मीटरच्या पुढचे वायरिंग घरमालकाच्या जबाबदारीचे असते, हेस्कॉम या वीज कंपनीच्या नव्हे, त्यामुळे लाइनमनची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

लाईट जाताच यूपीएस बीप करतो आणि तरीही कॉम्प्युटर बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, अशा वेळी यूपीएस बदलावा की एसएमपीएस, हे एका साध्या पिवळ्या बल्बने ठरवता येते. कॉम्प्युटर काढून त्याच्या जागी यूपीएसवर १०० वॅटचा बल्ब लावावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. बल्ब लगेच किंवा मिनिटाभरात विझला, तर यूपीएसची बॅटरी संपली आहे. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होणे स्वाभाविक आहे, त्यासाठी संपूर्ण यूपीएस बदलण्याची गरज नसते. बल्ब नीट जळत राहिला आणि कॉम्प्युटर मात्र टिकत नसेल, तर बहुधा एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले आहेत. साधा यूपीएस विजेवरून बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद, फार तर दहाच्या आसपास, घेतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावरही साधारण सोळा मिलिसेकंद तग धरू शकतो, परंतु कपॅसिटर जुने झाले की ही क्षमता घटते.

ज्यांच्या घरी वेगळा यूपीएस नसून सगळ्या घराला एकच इन्व्हर्टर आहे, त्यांनी काहीही विकत घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचे बटण पाहावे. बऱ्याच इन्व्हर्टरांवर नॉर्मल आणि यूपीएस असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडमध्ये व्होल्टेज फार खाली गेले तरी इन्व्हर्टर तेच पुढे पाठवतो आणि बॅटरीवर जायलाही जास्त वेळ घेतो. पंखे आणि दिव्यांना त्याने काही होत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. केवळ हे बटण यूपीएसकडे सरकवून प्रश्न सुटल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि या लेखात सांगितलेल्या उपायांमध्ये इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

एसएमपीएस बदलायचाच असे ठरले, तर कॅबिनेटबरोबर येणारा, ‘४५० वॅट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला हलका डबा आणि ८० प्लस हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला नामांकित कंपनीचा एसएमपीएस यांत किमतीचा फरक बराच दिसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला घरगुती डेस्कटॉप बहुधा दीडशे वॅटच्या आतच वापरतो, म्हणून वॅटच्या आकड्याने भुलू नये. लेबलवर १२ व्होल्टच्या तारेसाठी किती अँपिअर दिले आहेत, ते वाचावे. ही तार ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर जाऊ नये अशी मर्यादा आहे आणि बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये हा आकडा ढोबळमानाने दिसतो. माझे मत स्पष्टपणे महाग पर्यायाच्या बाजूचे आहे, कारण हाच एसएमपीएस पुढे नव्या यंत्रातही वापरता येतो. खराब एसएमपीएस घरी उघडून दुरुस्त करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो.

एक किरकोळ शक्यता इथेच नोंदवतो. कॅबिनेटचे पॉवर बटण आत अडकले, तर मदरबोर्डला ते चार सेकंद दाबून धरल्यासारखे वाटते आणि यंत्र बंद होते. यंत्र सुरू केल्यावर त्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून ठेवावी. बंद पडणे थांबले, तर दोष काही रुपयांच्या स्विचचा असतो.

उष्णतेचा विचार आपल्या भागात गावागणिक वेगळा करावा लागतो. बेळगाव शहराची हवा सौम्य असल्याने इथे केवळ उन्हाळ्यामुळे प्रोसेसर तापतो असे सहसा होत नाही, तर हवेची वाट बुजल्यामुळे तो तापतो. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागांवरून उडणारे कापसाचे तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखा थर धरतात. उद्यमबागेच्या आसपास धुळीत धातूचे कण असू शकतात, आणि निपाणीत वखारींजवळच्या घरांत तंबाखूची बारीक भुकटी सगळीकडे शिरते. अथणीकडे या सर्वांवर खऱ्या उन्हाळ्याची भर पडते. अनेक इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र बंद करतात. म्हणून आधी मंद, मग बंद असा क्रम दिसला, की ब्लोअरने सफाई आणि नवी थर्मल पेस्ट यांपासून सुरुवात करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर अतिवेगाने फिरून पंख्याचे बेअरिंग खराब होते. हे काम घरी करणे आणि दुकानात करून घेणे यांत परिणामाचा फरक नाही. हात बसलेला नसेल तर दुकान बरे.

हँग होणाऱ्या यंत्राकडे वळू. हँग झालेल्या अवस्थेत कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. दिवा लागतो-विझतो, माऊसचा बाण हलतो, पण खिडक्या उघडत नाहीत, अशी स्थिती असेल तर संशय डिस्कवर घ्यावा. दिवाही गोठलेला असेल तर संशय रॅम किंवा बोर्डवर जातो. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. त्यात रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या खराब जागा मोजणाऱ्या दोन ओळींचे मूळ आकडे (रॉ व्हॅल्यू) शून्य असावेत. ते शून्य नसतील आणि दर आठवड्याला वाढत असतील, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. याच यादीतला सीआरसी एररचा आकडा वाढत असेल, तर मात्र डिस्कला दोष न देता आधी डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून पाहावी.

फॉरमॅट आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) या दोन उपायांची तुलना इथे करणे आवश्यक आहे, कारण दुकानात पहिला उपाय स्वस्त म्हणून सुचवला जातो. डिस्क निरोगी असून विंडोज बिघडले असेल, तर फॉरमॅट योग्यच आहे, पण त्याआधी विंडोजमधील एसएफसी (सिस्टीमच्या फायली तपासणारे) आणि चेकडिस्क (डिस्क तपासणारे) ही साधने वापरून पाहावीत. डिस्क खराब असेल तर फॉरमॅटने काही दिवस बरे वाटते, डेटा जातो आणि तोच त्रास परत येतो, म्हणजे मजुरी दोनदा द्यावी लागते. एसएसडी बसवल्यास जुन्या यंत्राला प्रत्यक्ष वेगही मिळतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास वाचते, तर साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते. मात्र आपल्याकडच्या घरांत एक वेगळी अडचण असते. एकाच यंत्रावर वडिलांची श्री-लिपीतील मराठी पत्रे आणि मुलांचे नुडीतील कन्नड काम असते. फॉरमॅट करणारा डॉक्युमेंट्स आणि फोटो जपतो, फॉन्ट जपत नाही, आणि जुन्या फायली उघडल्यावर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. म्हणून विंडोजमधील फॉन्ट्सचा फोल्डर वेगळा जपून ठेवण्यास आधीच सांगावे.

रॅमच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला पावसाळ्यात यंत्र महिनोन् महिने बंद राहिले, की पट्टीच्या संपर्कबिंदूंवर दमटपणाचा परिणाम होतो. पट्टी काढून खोडरबराने हलकेच पुसून बसवल्यास पुष्कळदा काम भागते. तेवढ्याने भागले नाही, तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा आणि एकही चूक दाखवली तर पट्टी बदलावी.

घरी तपासणे, गल्लीतले दुकान आणि कंपनीचे अधिकृत केंद्र यांपैकी निवड करताना वॉरंटी चालू असेल तर प्रश्नच उरत नाही, केंद्रातच जावे आणि कॅबिनेटवरचे सील तोडू नये. लॅपटॉपसाठीही मी केंद्राकडेच झुकतो, विशेषतः बॅटरी फुगलेली असेल तर. वॉरंटी संपलेल्या डेस्कटॉपला मात्र खडेबाजार किंवा टिळकवाडीतले ओळखीचे दुकान अधिक उपयोगी पडते, कारण तिथे चांगला एसएमपीएस किंवा रॅम तात्पुरती लावून दोष पडताळता येतो, आणि घरी हेच सर्वांत अवघड असते. दुरुस्तीला देताना ‘हँग होतो’ एवढेच न सांगता, किती वेळाने होतो, लाईटचा संबंध आहे का आणि बायोसमध्ये टिकतो का, हे कागदावर लिहून द्यावे. काढलेला जुना भाग परत मागावा.

शेवटचा निर्णय दुरुस्ती की नवे यंत्र, हा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. यावरून माझा हिशेब असा आहे : चौथ्या-सहाव्या पिढीच्या यंत्रावर एसएसडी, एसएमपीएस, यूपीएसची बॅटरी यांवर खर्च करावा, कारण या वस्तू पुढे उपयोगी येतात. त्याच यंत्राचा मदरबोर्ड गेला असेल, प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर फुगलेले दिसत असतील, तर जुन्या चिपसेटचा ‘नवा’ बोर्ड शोधत बसू नये. अशा वेळी कार्यालयांतून निघालेला, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप हा पूर्णपणे नव्या यंत्रापेक्षा बऱ्याच घरांना पुरेसा ठरतो. फक्त तो अगदी छोट्या आकाराचा घेऊ नये, कारण त्याचा एसएमपीएस वेगळ्या मापाचा असतो आणि बिघडल्यास स्थानिक दुकानात सहज मिळत नाही.

निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, त्यामुळे खरेदी कुठे करावी हाही प्रश्न येतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर राज्याच्या सीमेमुळे कॉम्प्युटरवरच्या करात फरक पडत नाही, दर दोन्हीकडे १८ टक्केच आहे. फरक पडतो तो दुकानाच्या वॉरंटीत. रिफर्बिश्ड यंत्राला कंपनीची वॉरंटी बहुधा नसते, विक्रेत्याची असते, आणि यंत्र उचलून त्याच दुकानात न्यावे लागते. म्हणून खानापूर तालुक्यातील माणसाने ते बेळगावातूनच घ्यावे, निपाणीच्या माणसाने कोल्हापुरातून घ्यायला हरकत नाही, आणि दोघांनीही बिलावर यंत्राचा सिरियल नंबर व वॉरंटीचे महिने लिहून घ्यावेत.