बाथरूमची फरशी: बारा बाय बाराच्या मॅट टाइलचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचं नागपुरातल्या मानेवाड्याचं घर १९९८ चं. खालच्या बाथरूमला सुरुवातीला कोटा होता. दर रविवारी ॲसिड ओतून खसखसा घासायची माझी सवय त्याला भोवली. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिडने तो मरतो, हे मला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. २०१२ मध्ये मुलाच्या हट्टापायी दोन बाय दोन फुटांची चकचकीत व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल लावली. दिसायला हॉटेल. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सासूबाई त्याच हॉटेलात घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. त्या ८३ वर्षांच्या आहेत. प्लास्टर निघायच्या आत मी फरशी फोडायला काढली.

आधी वर्धा रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथे एसी, कॉफी आणि भिंतीला उभ्या लावलेल्या टाइल्स. पायात चप्पल, टाइल कोरडी ठक्क. अशात बाथरूमची फरशी काय कळणार? मुलाने पुण्याहून लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीचे फोटो पाठवले होते, ते मी पाहिले आणि मिटवले.

टाइल घेतली ती आमच्याच भागातल्या एका लहानशा दुकानातून. दुकान म्हणजे शटर, धूळ आणि बॉक्सची चळत. पण मालकाने चार नमुने जमिनीवर मांडले, त्यावर मगभर पाणी ओतलं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि यांना म्हणाला, "काकाजी, चप्पल काढा अन् राहा उभे." पहिल्या दोनवर हे बरे उभे राहिले. तिसरी साटिन, म्हणजे अर्धवट चमकणारी होती. तिच्यावर यांनी माझा खांदा धरला. चौथ्या चकचकीतवर मालकानेच पाय ठेवू दिला नाही. पाचही तारे या दुकानदाराला मी याच एका गोष्टीसाठी देते.

आम्ही घेतली ती राखाडी, मॅट, अँटी-स्किड, १२ बाय १२ इंचाची, ४८ रुपये फुटाने. बॉक्सवर 'आर ११' लिहिलेलं होतं. हा आकडा आर ९ पासून आर १३ पर्यंत जातो. जितका मोठा तितकी पकड जास्त. मात्र ती चाचणी तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून करतात. ओल्या अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते आणि तिच्यात सी सगळ्यात चांगली. आमच्या बॉक्सवर ती नव्हती. म्हणून तर साबणाच्या पाण्याची परीक्षा. आर १३ घेऊ नका हो, ती घासताना हात सोलवटतो आणि म्हातारे पाय नाजूक असतात.

लहान टाइल का, हे मला मिस्त्रीने समजावलं आणि त्यात त्याचं बरोबर होतं. फरशीला चारी बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, ढाळ द्यावा लागतो, पाच फुटांत साधारण पाऊण इंच. मोठी टाइल वाकत नाही, मग ती तिरकी कापा नाहीतर पाणी साचू द्या. लहान टाइल ढाळासोबत बसते आणि सांधे जास्त असल्याने पायाला आधारही मिळतो.

एका बाबतीत मात्र मी त्याचं ऐकलं नाही. "काकू, सिमेंटच्या घोळात बसवतो ना, आयुष्य गेलं आपलं याच्यात." भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, ती भिजवून घोळात बसते. आमच्यासारखी व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, मग ती घोळाला धरणार कशी? जुन्या टाइल्स फोडताना निम्म्या तर सुऱ्याच्या टोकाने अख्ख्या निघाल्या होत्या. पाठीमागे सिमेंटचा कण नव्हता. तेच त्याला दाखवलं आणि टाइलचं ॲडहेसिव्ह, म्हणजे चिकटवायचा तयार मसाला, आणायला लावलं. त्याआधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर चढवून, आणि ट्रॅपला बोळा लावून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. या दोन दिवसांत त्याने तीन वेळा फोन केला, "झालं का काकू?"

बाथरूम सात बाय पाच, म्हणजे ३५ टाइल्स. कटाई-तुटाईसाठी दहा टक्के धरा, असं मालक म्हणाला. मी एक अख्खा बॉक्स जास्तच घेतला, त्याच बॅचचा. शहाणपण कामी आलं. काम झाल्यावर नातवाचा कंचा, म्हणजे काचेची गोटी, फरशीवर सोडला, तो ट्रॅपकडे जायचा सोडून दारामागच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मगभर पाणी ओतलं, तेही तिथेच. मिस्त्री म्हणे, "वाळते ना ते पंख्याने." बाथरूममध्ये पंखा! तीन टाइल्स फोडून पुन्हा बसवल्या, मजुरी त्याने घेतली नाही, तोंड मात्र दोन दिवस फुगलेलं होतं.

सांध्यांना एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचा मसाला, भरला. साध्यापेक्षा खूप महाग पडतो आणि लवकर आटोपावा लागतो, नाहीतर टाइलवरच वाळतो. आमच्याकडे एका ओळीवर त्याची धुरकट झाक राहिलीच आहे. तरी पुन्हा हाच घेईन. आमचं पाणी बोरचं. कूलरच्या खसवर एका उन्हाळ्यात जो पांढरा थर चढतो, तोच फरशीवर हळूहळू चढतो. साध्या सिमेंटच्या ग्राउटवर तो काढायला गेलं की ॲसिडने ग्राउटच खचतो.

आता तक्रार. मॅट टाइल मळ धरते. साबणाचा चिकटा आणि बोरचा क्षार मिळून खरखरीत पृष्ठभागात असा बसतो की नुसत्या पोछ्याने हलत नाही. आठवड्यातून एकदा प्लास्टिकचा ब्रश आणि व्हिनेगरचं पाणी, दहा मिनिटं. चकचकीत फरशीला हा त्रास नव्हता. रंग मध्यम राखाडी घेतला ते बरं. शेजारच्यांनी काळी घेतली आहे. आंघोळीनंतर ती वाळली की पांढरे नकाशे उमटतात आणि वहिनी रोज सकाळी पुसतात.

आठ महिन्यांत एकही टाइल ठोकून पोकळ वाजलेली नाही आणि खालच्या भिंतीला ओल नाही. सासूबाई सुरुवातीला दोन्ही हातांनी भिंत धरून चालायच्या, आता एका हाताने धरतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की उन्हाळ्यात कोटा पायाला जास्त गार लागायचा. त्यात तथ्य आहे.

एक मात्र विसरलो. पकडायचा स्टीलचा दांडा फरशीसोबतच ठरवायला हवा होता. भिंतीला भोकं पाडायची तर तिथल्या टाइल्स आणि वॉटरप्रूफिंग जपून. ड्रिलवाला मंगळवारपासून म्हणून राहिला, "उद्या येतो काकू."