डीएम प्लांटचं रेझिन कार्बन डायऑक्साइडच्या कामाला: घ्यावं का?

डीएम प्लांटमध्ये (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रणेत) भरतात ते टाइप-1 स्ट्राँग बेस ॲनायन रेझिन, म्हणजे धनभारित अमोनियम गट असलेले प्लॅस्टिकचे मणी. ते ब्रोमाइड रूपात आणलं, की इपॉक्साइड (ऑक्सिजनसह तीन अणूंचं कडं असलेलं संयुग) आणि कार्बन डायऑक्साइडपासून सायक्लिक कार्बोनेट (कड्याच्या रचनेचा कार्बोनेट) बनवून देतं. ते पुन्हा पुन्हा वापरता येतं, असा दावाही असतो. लहान लॅबने जरूर घ्यावं, पण मॅक्रोपोरस, म्हणजे कायमच्या मोठ्या छिद्रांचं. अशी छिद्रं नसलेले जेल प्रकारचे मणी पाणी काढलं की आकसतात आणि आतली वाटच बंद होते. नागपुरात पाणी-प्लांटवाल्यांकडे 25 लिटरची गोणी मिळते. प्लांटमधून उपसलेलं जुनं रेझिन मात्र फुकटातही नको. त्यात सिलिका मुरलेली असते.

माल येतो क्लोराइड रूपात आणि चिंब ओला. 50 मिली रेझिन कॉलममध्ये भरून 60 ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडचं अर्धा लिटर द्रावण सावकाश सोडा. मग डिस्टिल्ड वॉटरने धूत राहा. खालच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून गढूळ होईनासं झालं की थांबा. इथेनॉलने धुऊन 60 अंशांवर व्हॅक्यूममध्ये वाळवा. इथे कंटाळा केलात तर ओलाव्यामुळे कार्बोनेटऐवजी हातात डायॉल (इपॉक्साइडला पाणी जोडून बनलेला पदार्थ) येतो.

100 मिली ऑटोक्लेव्हला (दाब सोसणाऱ्या बंद भांड्याला) 20 मिली स्टायरिन ऑक्साइड हे इपॉक्साइड (हातमोजे घालूनच), 2 ग्रॅम कोरडं रेझिन, कार्बन डायऑक्साइडचा दाब 10 बार, तापमान 100 अंश. घाईने 130 वर नेलं तर अमोनियम गट तुटतात. झाकण उघडल्यावर सुकटीसारखा वास आला तर रेझिन गेलं म्हणून समजा.

पुनर्वापराचा दावा खरा आहे, पण मॅग्नेटिक स्टररवर नाही. त्याची भांड्यात फिरणारी चुंबकाची कांडी मण्यांचं पीठ करते आणि फिल्टर तुंबतो. मणी स्टीलच्या जाळीच्या पुडीत ठेवा. तयार झालेलं स्टायरिन कार्बोनेट थंड झालं की गोठून मण्यांना चिकटतं, म्हणून कोमट असतानाच इथाइल ॲसिटेट घालून गाळा. काम मंदावलं तर आधी ब्रोमाइड पुन्हा चढवून पाहा. गट शाबूत असतील तर रेझिन पुन्हा कामाला लागतं. या किमतीत ही सोय मोठी.

मे महिन्यात दोन गोष्टी सांभाळा. प्रोपिलीन ऑक्साइड हे दुसरं इपॉक्साइड 34 अंशांनाच उकळतं, तेव्हा नागपूरच्या उन्हाळ्यात ते वापरूच नका. आणि 31 अंशांच्या वर सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही, म्हणून किती उरलाय ते गेजवर नाही, वजनकाट्यावर बघा.