अ‍ॅनिमे मालिका बघण्याजोगी कशाने होते? वीस मिनिटांचा हिशोब

अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा, एक भाग साधारण २४ मिनिटांचा. त्यातलं दीड मिनिट सुरुवातीच्या गाण्याचं, दीड मिनिट शेवटच्या गाण्याचं, थोडं पुढच्या भागाच्या झलकेचं. हाती उरतात वीस-एकवीस मिनिटं. जपानी टीव्हीवर तीन महिन्यांच्या हंगामाला ‘कूर’ म्हणतात आणि त्यात बारा-तेरा भाग बसतात. म्हणजे एका कूरमध्ये दिग्दर्शकाला गोष्ट सांगायला मिळतात जेमतेम चार-सव्वाचार तास. मालिका बघण्याजोगी आहे का, हे कथासारांशावरून कधीच कळत नाही. सारांशात सगळेच नायक शूर असतात आणि जग कायम बुडायला टेकलेलं असतं. बघायचं ते एवढंच, की ही मिनिटं कुठे खर्च केली आणि कुठे वाचवली.

याची सगळ्यात चोख परीक्षा ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या दोन किमयागार भावांच्या गोष्टीवर घेता येते, कारण एकाच स्टुडिओने, बोन्सने, ती दोनदा केली. पहिली २००३ ची, ५१ भागांची, दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा. दुसरी २००९-१० ची ‘ब्रदरहुड’, ६४ भागांची, दिग्दर्शक यासुहिरो इरिए. पहिली सुरू झाली तेव्हा हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) अर्ध्यावरही नव्हती, म्हणून त्या मालिकेने पुढची वाट आपली आपण काढली. ब्रदरहुड संपली २०१० च्या जुलैत, मांगा संपल्यावर महिन्याभरात, त्यामुळे तिचा शेवट मुळाबरहुकूम आहे. कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: थेट ब्रदरहुड बघा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

मालिकेत सगळ्यांच्या लाडक्या एका पात्राचा मृत्यू होतो. कोण ते इथे सांगत नाही. पहिल्या मालिकेत तो येतो २५व्या भागात, ब्रदरहुडमध्ये १०व्या. संवाद, परिस्थिती, अगदी अंत्यविधीचा प्रसंगसुद्धा जवळपास तसाच, आणि तरी परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या मालिकेत हा माणूस पंचवीस भाग घरात वावरल्यासारखा वावरलेला असतो. ब्रदरहुडमध्ये त्याची नीट ओळख होईतो तो गेलेला असतो. आधीच्या मालिकेने हे सगळं दाखवून झालंय, प्रेक्षकाला माहीतच आहे, असं धरून ब्रदरहुड पहिले दहा-बारा भाग उरकते. पहिला भाग तर मांगात नसलेल्या खलनायकावर बेतलेला आहे आणि नवख्याच्या अंगावर एकदम डझनभर गणवेशधारी सोडतो. तो पचला नाही तर सरळ दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी. भावांची मूळ हकिकत तिथेच आहे. साधारण पंधराव्या भागानंतर पहिल्या मालिकेत नसलेला मजकूर लागतो आणि तिथून ब्रदरहुड जी पकड घेते ती शेवटपर्यंत सैल होत नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी जुन्या मालिकेचे पहिले पंचवीस भाग बघून मग ब्रदरहुड पहिल्यापासून लावावी. काही प्रसंग दोनदा बघावे लागतील, पण दुसऱ्यांदा बघताना दिग्दर्शन म्हणजे काय ते दिसतं.

वेळेलाच विषय केलेली मालिका म्हणजे ‘फ्रीरेन’. मॅडहाउस स्टुडिओची निर्मिती, पहिल्या सीझनचे २८ भाग, सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४, दिग्दर्शक केइइचिरो सायतो. असुरराजाला मारून चौघांची टोळी परत येते, इथे मालिका सुरू होते. म्हणजे इतर मालिका जिथे संपतात तिथे. फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली, तिच्या लेखी दहा वर्षांचा प्रवास म्हणजे किरकोळ गोष्ट. पहिल्याच भागात पन्नास वर्षं उलटतात, नायक हिमेल म्हातारा होऊन मरतो आणि त्याच्या दफनाच्या वेळी तिच्या लक्षात येतं की या माणसाला समजून घ्यायचं राहूनच गेलं. पुढे पडद्यावर कालमापन येतं तेही ‘हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं’ असं. मेलेला माणूस मालिकेचं पंचांग होऊन बसतो, ही कल्पना लेखकाने फुकट घालवलेली नाही.

जपानमध्ये पहिले चार भाग एकाच रात्री दोन तासांचा सलग कार्यक्रम म्हणून दाखवले होते. तसेच बघावेत. एकेक भाग आठवड्याच्या अंतराने बघणाऱ्याला दुसरा भाग ‘काहीच घडत नाही’ असा वाटण्याची शक्यता आहे, कारण त्यात एका निळ्या फुलाचा शोध चालतो आणि बस. पण शोध किती लांबला यालाच तिथे अर्थ आहे. इव्हान कॉल यांचं संगीतही तेवढंच धीराचं. शांततेच्या जागा भरून काढायची घाई त्यात नाही. उणी बाजू १८व्या भागापासून दिसते. जादूगारांची परीक्षा सुरू होते, पात्रांची गर्दी होते आणि मालिका चार-पाच भाग इतर दहा मालिकांसारखी होते. २६व्या भागातली लढत मात्र चुकवू नये. तिथे हालचाल, प्रकाश आणि जागेचं भान ज्या प्रतीचं आहे ते टीव्हीवर क्वचित बघायला मिळतं.

हालचालीवरून आठवलं. ‘चित्रं हलतच नाहीत’ ही अ‍ॅनिमेबद्दलची नेहमीची तक्रार. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण टीव्हीच्या कामात एकच चित्र बहुधा तीन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. ओसामु तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ने १९६३ मध्ये दर आठवड्याला भाग काढायचा म्हणून अशी काटकसर रूढ केली. चित्रं कमी असणं हा दोष नाहीच. वाचवलेली चित्रं कुठे वापरली, हा प्रश्न आहे. ‘नीऑन जेनेसिस इव्हँजेलियन’च्या २२व्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत आणि जवळपास मिनिटभर काहीही हलत नाही. २४व्या भागात तर एक स्थिर चित्र मिनिटभराहून जास्त थांबतं, मागे बीथोव्हेनची नववी सिम्फनी. स्टुडिओचे पैसे वाचले आणि बघणाऱ्याचा श्वास अडकला, दोन्ही एकाच निर्णयात. आता आळशी काटकसर कशी ओळखायची? संवादात फक्त ओठ हलतात आणि कॅमेरा स्थिर चित्रावरून उगाच सरकत राहतो. चालणाऱ्या माणसाचे पाय कधीच चौकटीत येत नाहीत. एकाच फटक्यावर तीन जणांचे चकित चेहरे पाळीपाळीने दाखवले जातात. एका भागात हे सगळं दिसलं तर वेळापत्रक कोसळलेलं आहे असं समजावं. भागाचा क्रमांक १३.५ असा असेल तर तो बहुधा मागच्या भागांची उजळणी असतो, बिनधास्त सोडावा.

याच्या उलट टोकाला मासाआकी युआसा यांची ‘पिंग पाँग द अ‍ॅनिमेशन’: २०१४, ११ भाग. वेडीवाकडी रेघ, सैल चेहरे. पहिल्या दहा मिनिटांत बरेच जण बंद करतात. करू नये. टेबल टेनिसचा एकेक फटका तिथे खेळाडूच्या स्वभावातून निघतो, आणि हरणाऱ्या प्रत्येकाला मालिका जिंकणाऱ्याइतकीच मिनिटं देते. अकरा भागांत एकही फुकटचा नाही.

स्टुडिओचं नाव बघून मालिका निवडणारे हमखास फसतात. ‘वन पंच मॅन’चा पहिला सीझन २०१५ मध्ये मॅडहाउसने केला. दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या भोवती बाहेरचे कितीतरी पट्टीचे अ‍ॅनिमेटर गोळा झाले होते, त्यामुळे ते बारा भाग आजही दाखले म्हणून काढून दाखवतात. २०१९ चा दुसरा सीझन जे.सी.स्टाफकडे गेला, दिग्दर्शक बदलला, ती माणसं पांगली. एका ठोशात सगळ्यांना लोळवणाऱ्या नायकाचा विनोद तोच राहिला, पण तो विनोद फटक्याच्या वजनावर उभा होता आणि वजनच गेलं. उलट ‘विन्लंड सागा’ पाहा. २०१९ चा पहिला सीझन विट स्टुडिओचा, २०२३ चा दुसरा ‘मापा’ स्टुडिओचा, तरी सांधा कुठे जाणवत नाही, कारण दिग्दर्शक शुहेइ याबुता दोन्हीकडे तेच. पहिला सीझन सूडाचा आणि लढायांचा. दुसरा शेतावरच्या गुलामांचा, जंगल साफ करून गहू पेरण्याचा. लढायांसाठी आलेले प्रेक्षक दुसऱ्यात कंटाळतात, हे खरं. पण पहिल्या चोवीस भागांत नायकाने जे केलं त्याचा जाब त्याला इथे द्यावा लागतो. फक्त पहिला सीझन बघून थांबणं म्हणजे गोष्ट अर्ध्यावर टाकणं.

लांबलचक मालिकांबद्दल थोडक्यात. मांगा आठवड्याला एक प्रकरण पुढे सरकते आणि मालिका तिला गाठते. मग एक तर फिलर, म्हणजे मांगात नसलेले भरीचे भाग, घालायचे किंवा गोष्टीत पाणी. ‘नारुतो’ने फिलर घातले: २२० भागांपैकी १३६व्या भागापासून अखेरपर्यंतचे जवळजवळ सगळे भाग मूळ मांगाबाहेरचे आहेत. १३५वा बघून सरळ पुढची मालिका ‘शिप्पूदेन’ धरावी, काहीही बुडत नाही. ‘वन पीस’ने दुसरा मार्ग घेतला. १९९९ पासून चालू, हजारावर भाग, आणि नंतरच्या बऱ्याच वर्षांत एका भागाला मांगाचं एक प्रकरणही धड पुरवलं जात नसे. फिलर वगळता तरी येतो. पातळ केलेला भाग वगळता येत नाही, कारण खरा मजकूर त्याच पाण्यात विरघळलेला असतो. अशा मालिकेची मांगा वाचावी आणि गाजलेले भाग तेवढे पडद्यावर बघावेत.

घाईने होणारं नुकसान त्याहून मोठं. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा पहिला सीझन, २०१९, १२ भाग, अनाथालयातल्या मुलांची सुटका: कोन, सावल्या, दाराबाहेरची पावलं, सगळं नेमकं. २०२१ च्या दुसऱ्याने मांगातली एक अख्खी मोठी मोहीम गाळली, अकरा भागांत सगळं गुंडाळलं आणि शेवट चक्क स्थिरचित्रांच्या मालिकेवर उरकला. पहिला सीझन बाराव्या भागावर समाधानाने संपतो. तिथेच टीव्ही बंद करून पुढचं मांगात वाचावं.

‘तीन भाग बघून ठरवा’ हा नियम शितावरून भाताची परीक्षा करण्याचा, आणि तो ‘माडोका मॅजिका’ला तंतोतंत लागू पडतो: २०११, शाफ्ट स्टुडिओ, बारा भाग, तिसऱ्या भागाच्या शेवटी मालिका मुखवटा उतरवते. पण ‘श्टाइन्स गेट’ला तो लावला तर चांगली मालिका हातची जाईल. २०११ च्याच या २४ भागांच्या मालिकेत खरं वळण येतं १२व्या भागात. तोवर एका खोलीत मायक्रोवेव्ह, केळी आणि बडबड. मात्र हा वेळ गुंतवलेला आहे. आधीच्या भागांत भूतकाळात पाठवलेला एकेक संदेश पुढे एकेक करून परत फिरवावा लागतो आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी मनापासूनची इच्छा मोडावी लागते. पहिले बारा भाग पळवत बघणाऱ्याला ती मोडतोड कळतच नाही. म्हणून नियम असा बदलावा: १२ भागांच्या मालिकेला तीन, २४ भागांच्या मालिकेला सहा, आणि त्या सहात पात्रं एकमेकांशी बोलताना कंटाळा येत असेल तरच सोडावी. कथानक पुढे वेग घेऊ शकतं. रटाळ संवाद लिहिणारा सातव्या भागात अचानक सुधारत नाही.

सुटी गोष्ट असलेल्या मालिकांना हेही लागू नाही. ‘काउबॉय बीबॉप’च्या २६ भागांत मुख्य धागा ५, १२, १३, २५ आणि २६ या पाचच भागांत आहे. तेवढेच बघून मोकळं होण्याचा मोह आवरावा. शेवटच्या दोन भागांचा भार बाकीच्या एकवीस भागांतल्या रिकाम्या खिशांवर आणि उपाशी दुपारींवर तोललेला आहे. इंग्रजी डब मुळाच्या तोडीचं असलेल्या मोजक्या मालिकांपैकी ही एक, तेव्हा दोन्हीपैकी काहीही चालेल.

इतरत्र जपानी आवाज आणि सबटायटल बरं, पण सबटायटलच्या यादीत इंग्रजी दोनदा दिसत असेल तर ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलेलं घेऊ नये. ते बहुधा डबच्या संवादांचं असतं आणि जपानी आवाजाशी जुळत नाही. लढतीच्या ऐन क्षणी चित्र काळवंडलं किंवा धूसर झालं तर दोष आपल्या स्क्रीनचा नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलं रुग्णालयात गेली, तेव्हापासून टीव्हीसाठी असे प्रसंग मंद करतात. ब्लू-रे डिस्कवर बऱ्याचदा मूळ उजेड परत मिळतो, शिवाय घाईत बिघडलेले चेहरेही दुरुस्त केलेले असतात.

दीडपट वेगाने बघण्याची सवय असलेल्यांनी ‘मुशिशी’ लावूच नये. २००५-०६, २६ भाग, हिरोशी नागाहामा यांचं दिग्दर्शन. भटका वैद्य गिन्को, दर भागाला नवं गाव, नवा विकार, आणि दर भागाच्या अखेरीस वेगळी धून. खलनायक नाही, मोठं कथानक नाही, क्रमही फारसा आडवा येत नाही. सलग चार भाग लावले तर चारही एकमेकांत मिसळून जातात. रात्री एक भाग, दिवे मालवून, आणि शेवटची धून संपेपर्यंत पुढच्या भागाचं बटण दाबायचं नाही.