धावणं, वजनं की ताट: नागपुरात सुरुवात कशापासून करावी?

डिसेंबरात पहाटे सेमिनरी हिल्सच्या चढावर पळणाऱ्यांची रांग लागलेली असते. एप्रिल उजाडला की त्यातली बरीच मंडळी दिसेनाशी होतात. सलग तीन वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो. म्हणून ‘पळू, जिम लावू की आधी खाणं सुधारू?’ असं कोणी विचारलं, की मी आधी एवढंच विचारतो: यातलं मे महिन्यात काय टिकेल?

पळण्याला खर्च फक्त बुटांचा. ते साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात. दम वाढतो, झोप लागते आणि डोकं मोकळं होतं. हे डोकं मोकळं होणं मला वजनांनी कधी दिलं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सिव्हिल लाइन्सच्या वॉकर्स स्ट्रीटवर किंवा फुटाळ्याच्या काठी पळण्यात जे सुख आहे, ते सांगून कळायचं नाही. सुरुवातीला वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका. बस.

अडचण उन्हाळ्याची. पारा ४५ च्या वर जातो, २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागतो, साडेपाचलाच सूर्य वर आलेला असतो आणि दिवसभर तापलेला डांबरी रस्ता पहाटेही गार होत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. तेवढा धीर न धरता माणूस पळणंच सोडतो. खरं नुकसान मात्र पुढे, पावसाळ्यात होतं. मी जुलैत पहिल्याच आठवड्यात थेट ८ किलोमीटर पळालो होतो. दम लवकर परत येतो, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर सावकाश तयार होतात. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. गुडघ्याची बाहेरची बाजू धरली ती सहा आठवडे सुटली नाही. ‘काऊन भाऊ, दिसले नाही महिनाभर?’ असं पळणारे सोबती विचारायचे आणि मी जिना आडवा उतरत असायचो.

वजनांचं गणित उलटं आहे. उत्साह कमी वाटतो, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, चांगला शिकवणारा नसेल तर कंबर धरायची भीती असते. पण छताखाली करायचं काम आहे, त्यामुळे ऊन-पाऊस आड येत नाही. आणि गरज मोठी आहे: तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि शिवाय किमान २ दिवस स्नायूंना ताकद देणारा. हे ‘शिवाय’ आपण वाचतच नाही. जिमच हवी असंही नाही. बैठका, जोर, वाकून वजन उचलणं आणि काहीतरी स्वतःकडे ओढणं, एवढ्यात सगळं अंग येतं. एक वजन १२ वेळा सहज उचलता आलं की थोडं वाढवायचं.

मला पटलं ते कूलरमुळे. आमच्या घरी पाणी खालून गच्चीवर न्यावं लागतं, दोन्ही हातांत १५-१५ लिटरच्या बादल्या घेऊन. आधी दुसऱ्या फेरीतच कंबर बोलायची, बोटांवर कडीचे वळ उठायचे, पाणी पायऱ्यांवर सांडायचं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लागलो त्या उन्हाळ्यात चार फेऱ्या झाल्या आणि पायऱ्या कोरड्या होत्या.

आता ताट. वजन उतरवायचं असेल तर पळण्यापेक्षा ताट जास्त काम करतं. ६५ किलोचा माणूस ५ किलोमीटर पळाला तर सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. एक मोठा समोसा आणि साखरेचा चहा, हिशोब बरोबर. तरीही तर्री पोहे बंद करा असं मी सांगणार नाही. बंदी दोन आठवडे टिकते. आपल्या ताटात कमी पडतात ती प्रथिनं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोला ५४ ग्रॅम; वजनं उचलत असाल तर मी ७५-८० धरतो. घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम असतात, अंड्यात ६, मूठभर भाजलेल्या फुटाण्यांत ८-१०. सोयाबीन तर विदर्भाचंच पीक. ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे २५ ग्रॅम मिळतात. पोह्यांवर तर्री कमी, चणे जास्त, वरून भरपूर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. दुपारी भाकर, घट्ट वरण आणि मठ्ठा. डबा परका वाटत नाही.

पंचविशीत असाल, वजन ठीक असेल आणि बसून बसून अंग जड झालं असेल, तर खुशाल पळण्यापासून सुरू करा. पोट सुटलं असेल तर आधी ताट आणि रोज अर्धा तास चालणं. त्या वजनासकट पळू नका. चाळिशीच्या पुढे असाल तर माझं उत्तर ठाम आहे: पाया वजनांचा घाला, पळणं त्यावर चढवा. साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

माझा आठवडा असा: सोमवार आणि गुरुवार वजनं, ४० मिनिटं. मंगळवार, शनिवार हळू पळणं, रविवारी लांब, आणि परततानाच तर्री पोहे. पायांच्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी वेगात पळत नाही. एप्रिलच्या मध्यापासून पळणं दोनच दिवस, २० मिनिटं, पाच वाजता, अंधारातच. सोमवार-गुरुवार तसेच राहतात. जुलैत पुन्हा ३ किलोमीटरपासून.