वनप्लस ६ वर पोस्टमार्केटओएस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वनप्लस ६ हा २०१८ चा फोन. कंपनीचे अपडेट अँड्रॉइड ११ वर थांबले, पण स्नॅपड्रॅगन ८४५, ६ किंवा ८ जीबी रॅम आणि ॲमोलेड स्क्रीन आजही धडधाकट आहे. असे फोन कपाटात पडून राहू नयेत, म्हणून २०१७ साली पोस्टमार्केटओएस सुरू झाले. अल्पाइन लिनक्सवर उभी असलेली ही मुक्त प्रणाली फोनला दहा वर्षांचे आयुष्य द्यायचे म्हणते. आठ महिने वापरल्यावर मत पक्के झाले आहे. एकमेव फोन म्हणून भारतात तो पुरणार नाही. पण फोनची प्रणाली कशी बनते हे हात घालून शिकायचे असेल, बिघडलेला भाग उघडून, सुधारून परत बसवायचा असेल, तर याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

बसवण्याआधी डेटा दुसरीकडे उतरवा. बूटलोडर (फोन सुरू होताच प्रणाली चढवणारा प्रोग्राम) अनलॉक करताना सगळे पुसले जाते. मूळ प्रणाली आधी शेवटच्या अपडेटपर्यंत न्या. मग लॅपटॉपवर पीएमबूटस्ट्रॅप हे पोस्टमार्केटओएसचे बांधणीचे साधन घ्या. ‘पीएमबूटस्ट्रॅप इनिट’ एकेक प्रश्न विचारते: एज (सतत बदलणारी) की स्थिर आवृत्ती, उत्पादक, उपकरण (या फोनचे सांकेतिक नाव एन्चिलाडा), इंटरफेस, होस्टनेम (नेटवर्कवरचे फोनचे नाव). पहिल्यांदा स्थिर आवृत्ती आणि फॉश हा स्पर्शाचा इंटरफेस घ्या. ‘इन्स्टॉल’ने प्रणालीची प्रतिमा, म्हणजे फोनवर चढवायची फाइल, तयार होते, सोबत एफडीई हा पर्याय दिला तर साठवण एन्क्रिप्ट होते. ती प्रतिमा फास्टबूटने (केबलवरून बूटलोडरशी बोलणाऱ्या आज्ञेने) यूजरडेटा विभाजनावर जाते, कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा बूट विभाजनावर.

इथे बहुतेक जण एका ठिकाणी अडकतात. ‘फास्टबूट इरेज डीटीबीओ’ राहून जाते. त्या विभाजनात मूळ अँड्रॉइड कर्नलसाठीचे डिव्हाइस ट्रीचे (कर्नलला हार्डवेअरची ओळख देणाऱ्या यादीचे) जोड असतात, आणि बूटलोडर ते मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ, कर्नलच्या डिव्हाइस ट्रीवर चढवू पाहतो. दोन्हींची मांडणी वेगळी, त्यामुळे फोन लोगोवरच थांबतो. फोनमध्ये प्रणालीसाठी ए आणि बी असे दोन स्लॉट असतात; काही अपयशी प्रयत्नांनंतर बूटलोडर दुसऱ्या स्लॉटकडे वळतो आणि आपण भलत्याच स्लॉटमध्ये दोष शोधत बसतो. म्हणून फ्लॅश करण्याआधी कोणता स्लॉट सक्रिय आहे ते पाहून लिहून ठेवा.

स्क्रीन काळी राहिली तरी फोन मेलेला नसतो. यूएसबी केबल लावून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर लॅपटॉपवरून एसएसएच (दूरून आज्ञा देण्याची सोय) करून पाहा. तेही नसेल तर इनिटएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या प्रणालीत) ‘डीबग-शेल’ हुक घालून पुन्हा बूट करा; त्याच पत्त्यावर टेलनेट या जुन्या साध्या मार्गाने आत जाता येते आणि तिथून कर्नलचा लॉग वाचता येतो.

कॉलचा विषय भारतात सर्वांत नाजूक. जिओकडे २जी-३जी नाही, त्यामुळे व्हीओएलटीई (४जीवरून कॉल) जमले नाही तर त्या सिमवर फक्त डेटा चालतो. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांचे २जी अजून असल्याने कॉल तिकडे उतरू शकतो. व्हीओएलटीईसाठी ८१व्होल्टडी नावाची सेवा आहे. ती मॉडेमला आयएमएससाठी (४जीवरचे कॉल हाताळणाऱ्या यंत्रणेसाठी) लागणारी डेटा-जोडणी पुरवते. पुढचे सगळे मॉडेमच्या बंदिस्त फर्मवेअरवर आणि कंपनीच्या जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे याची हमी कुणी देऊ शकत नाही. कॉल लागतो पण दोन्ही बाजूंना शांतता, अशी तक्रार असेल तर आधी क्यू६व्हॉइसडी चालू आहे का ते पाहा. आवाज मॉडेम आणि डीएसपी (ध्वनीवर प्रक्रिया करणारी चिप) यांच्यातच फिरतो. क्यू६व्हॉइसडी हा छोटा प्रोग्राम कॉल सुरू होताच ऑडिओचे पीसीएम उपकरण (कर्नलमधला आवाजाचा मार्ग) उघडून धरतो, तेव्हा कुठे ती वाट खुली होते. तो बंद पडला की कॉल मुका.

आता ज्या भागासाठी ही प्रणाली मला मनापासून आवडते तो भाग. एखाद्या पॅकेजमध्ये बदल करायचा तर पीएमॲपोर्ट्समध्ये (पोस्टमार्केटओएसच्या पॅकेजांच्या संग्रहात) त्याची एपीकेबिल्ड, म्हणजे बांधणीची कृती सांगणारी, फाइल सापडते. बदल करा, ‘चेकसम’ चालवा, ‘बिल्ड’ करा आणि ‘साइडलोड’ने थेट चालू फोनवर पाठवा. पूर्ण प्रतिमा पुन्हा चढवावी लागत नाही. त्या फाइलमधला पीकेजीरेल हा बांधणीचा क्रमांक वाढवायला विसरलात तर एपीकेला (अल्पाइनच्या पॅकेज व्यवस्थापकाला) आवृत्ती तीच दिसते आणि तुमचा बदल फोनवर पोचतच नाही. कर्नलवर काम करताना ‘बिल्ड’ला एसआरसी पर्यायाने आपल्या कर्नलची फोल्डर दाखवा, कॉन्फिगरेशन हाताने बदलू नका, ‘केकॉन्फिग एडिट’ आणि मग ‘केकॉन्फिग चेक’ वापरा. शेजारच्या टर्मिनलवर ‘पीएमबूटस्ट्रॅप लॉग’ उघडा ठेवा, कारण नेमके काय चुकले ते सांगणारी ओळ तिथेच दिसते. कामाची फोल्डर फुगत जाते. डिस्क भरत आली की ‘झॅप’ने साफ करा.

कर्नलचे अपडेट आले की लगेच रीस्टार्ट करा. अल्पाइन जुन्या कर्नलची मॉड्यूल (गरजेनुसार चढणारे ड्रायव्हर) काढून टाकते, त्यामुळे जुना कर्नल चालू असताना नवीन यूएसबी उपकरण जोडले तर त्याचे मॉड्यूल सापडत नाही आणि दोष केबलला दिला जातो. दुसरी गोष्ट मसल या अल्पाइनच्या सी लायब्ररीची. ही प्रणाली बहुतेक लिनक्समधली जीलिबसी लायब्ररी वापरत नाही, म्हणून नेटवरून उतरवलेली तयार बायनरी बहुधा चालत नाही. फ्लॅटपॅक घ्या, त्यात ॲप आपल्या लायब्ररी सोबत आणते.

मराठीसाठी थोडे हात काळे करावे लागतात. प्रथम ‘फाँट-नोटो-देवनागरी’ बसवा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. स्क्रीनवरचा कीबोर्ड स्क्वीकबोर्ड असेल तर मांडणी ही एक साधी यामल (मजकूर-स्वरूपातली) फाइल असते. ती घरच्या फोल्डरमधल्या स्क्वीकबोर्डच्या कीबोर्ड्स फोल्डरमध्ये टाकायची आणि तिचे नाव निवडलेल्या इनपुट-मांडणीशी जुळवायचे. एक ओळ म्हणजे कळांची एक रांग, कळांमध्ये मोकळी जागा: ‘ौ ै ा ी ू ब ह ग द ज’. संपादकात मात्रा अवतरणचिन्हाला चिकटलेल्या दिसतात, त्याने बिघडत नाही. हिंदीसाठी केलेली मांडणी उचलणार असाल तर ळ, ॲ आणि नुक्त्याचा ऱ आहे का ते आधी पाहा. साध्या र ला हलंत देऊन य लावला की ‘दर्या’ उमटतो; सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ लिहायला ऱ लागतोच. फाइलीत एक जागा चुकली तरी मांडणी उघडत नाही, म्हणून ‘स्क्वीकबोर्ड-टेस्ट-लेआउट’ने तपासून मगच वापरा.

बॅटरी अँड्रॉइडइतकी टिकत नाही. चार्जर जवळ ठेवा. वायफाय, ब्लूटूथ, स्पर्श, ग्राफिक्स उत्तम. कॅमेऱ्यावर विसंबू नका. फोनचा यूएसबी पोर्ट २.० चा असल्यामुळे केबलने बाहेरचा मॉनिटर जोडता येत नाही. अँड्रॉइडची साधी ॲप वेड्रॉइडमध्ये (लिनक्सवर अँड्रॉइड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतात. बँकेची आणि यूपीआयची ॲप मात्र फोन विश्वासार्ह असल्याची ग्वाही गूगलकडून मागतात आणि ती न मिळाल्याने सहसा उघडत नाहीत, त्यामुळे पैशांच्या व्यवहारासाठी दुसरा फोन बाळगा.

जुना फोन खास यासाठी घेणार असाल तर ६टी सुद्धा चालेल. त्याचे सांकेतिक नाव फजिता, चिप तीच. पैसे देण्याआधी डेव्हलपर पर्यायांमध्ये जाऊन बूटलोडर उघडू देणारे ‘ओईएम अनलॉकिंग’चे बटण सरकते का, ते विक्रेत्यासमोरच पाहा.